जिलबीची बॅग आणि बापूजींचं धोतर

नाशिकहून निघताना मी कुत्रीची बॅग गाडीत ठेवली आणि माझी घरी विसरलो.

हे मला कळलं ते अख्खा महाराष्ट्र आडवा कापून झाल्यावर, साकोलीच्या अलीकडे डावीकडे आत शिरणाऱ्या एका गावात, एका जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, घराच्या अंगणात, गाडीची डिकी उघडल्यावर. तोपर्यंत वाटेत चार वेळा थांबलो होतो. लाखनीला ट्रकांच्या रांगेशेजारी चहा घेतला, तेव्हा जिलबीच्या बॅगेतून तिचं स्टीलचं भांडं काढून तिला पाणीही पाजलं. त्या बॅगेत तिची चादर, दोन टॉवेल, कडुनिंबाचा साबण, ब्रश, एक जादा पट्टा आणि थंडीचं जाकीट होतं. हे सगळं माझ्या बायकोनं, वसुधानं भरलं होतं. "तुमची बॅग तेवढी तुम्ही भरा," असं ती म्हणाली होती. मी भरलीही होती. भरायला सांगितलं होतं, उचलायला नाही, असा युक्तिवाद मी फोनवर करून पाहिला.

"अहो, तुमची बॅग इथं सोफ्यावर बसलीये," वसुधा म्हणाली. "मी चहा विचारला तिला. काही बोलत नाही. तुमच्यापेक्षा बरी."

माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांना लांबचं आणि जवळचं दिसावं म्हणून झटतोय. त्यावर वसुधा जे बोलली ते इथं लिहीत नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी वसुधा पुण्याला जाणार होती, आणि जावयाला कुत्र्यांची ॲलर्जी. म्हणजे आम्ही दोघं घरीच उरणार; त्यापेक्षा चार दिवस जिलबीला घेऊन कुठंतरी जावं असं ठरलं. ती आमच्याच गल्लीत सापडलेली, तांबूस रंगाची, साधी गावठी कुत्री. शेपूट गोल वळलेलं, म्हणून जिलबी. मोबाईलवर शोधताना या घराचे फोटो दिसले. सागवानी खांबांची ओसरी, नव्यानं शाकारलेलं कवेलूंचं छप्पर, चुन्याच्या भिंती, मागे तलाव, आणि खाली एक ओळ: 'कुत्र्यांसह स्वागत'. मी लगेच बुकिंग केलं. आधी कुणी कुत्र्यासह राहून गेलंय का, हे विचारायचं सुचलं नाही.

कुणीच राहिलं नव्हतं. आम्ही पहिले.

कोठारातली खोली

हे सगळं उभं केलंय ते घरच्या सुनेनं, वैशालीनं. पस्तिशीची, चटपटीत, नवरा साकोलीच्या शाळेत शिकवतो. पाच वर्षं खपून तिनं घर सावरलं. जुने खांब तसेच ठेवले, भिंतींना सिमेंट लावू दिलं नाही, चुना स्वतः उभं राहून मळून घेतला. आणि अंगणाच्या कडेला धानाचं जे मोठं कोठार होतं, त्याची पाहुण्यांची खोली केली. कुत्रेवाल्यांसाठी हीच, कारण हिला मागे कुंपण घातलेला वेगळा परसू आहे.

"या काका," ती म्हणाली, "सामान कुठे आहे तुमचं?"

मी जिलबीची गुलाबी बॅग पुढे केली. तिनं बॅग पाहिली, मला पाहिलं, आणि शहाण्या माणसासारखी बॅग उचलून चालू लागली.

ओसरीवर तिचे सासरे बसले होते. गावात सगळे त्यांना बापूजी म्हणतात. अठ्ठ्याहत्तरीचे, काटकुळे, पांढरं स्वच्छ धोतर आणि वर बंडी. त्यांनी आधी जिलबीकडे पाहिलं.

"हे कुत्रं कोन्या जातीचं म्हनावं?"

"आपलंच. गावठी," मी म्हणालो.

"मंग नाशिकवरून कायले आनलं बाप्पा? अशे आमच्या गावात पंधरा फिरून राहिले."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझीही जात त्यांच्या ध्यानात आली असावी.

खोलीकडे जाताना वैशालीनं हळूच सांगितलं. बापूजींना हे कुत्र्यांचं मुळीच पसंत नाही. जिथं त्यांच्या आजोबांपासून धान राहिलं, जिथं आत जाताना माणसं चपला काढत, तिथं कुत्री झोपणार म्हणजे काय! पाहुणे चालतील, पण कुत्रं घेऊन नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सासरे-सुनेचा तह झाला तो असा: एक कुत्रं येऊन जाऊ दे. बापूजी बघतील. ते जमलं तर पुढे चालू. नाही जमलं तर ओळ खोडायची आणि कोठारात पुन्हा धान भरायचं.

"नागपूरचं एक कुटुंब विचारतंय, दोन लॅब्राडोर घेऊन यायचं म्हणतात," ती म्हणाली. "मी अजून उत्तर नाही दिलं. साधे पाहुणे इतक्या लांब कशाला येतात हो काका? कुत्रेवाल्यांनाच कुठे जागा नाही मिळत. हेच चाललं तर घर चालेल. सगळं आता तुमच्या जिलबीवर आहे."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "तू अजिबात काळजी करू नकोस," आणि आत शिरताना कोठाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. चुन्याचा एक टवका खाली पडला.

कोठाराचं दार ठेंगणं असतं. धान आत नेणाऱ्यानं वाकावं अशीच त्याची उंची असते, हे मला नंतर कळलं. जिलबी सहज आत गेली.

रात्री घालायला काही नव्हतं. वैशालीच्या नवऱ्याची कमर माझ्या मांडीएवढी, त्यामुळे त्याचे लेंगे बाद. उरलं बापूजींचं धोतर. ते कुणालाही होतं म्हणे, फक्त नेसता आलं पाहिजे. मी खोलीत अर्धा तास झटलो. एक टोक हातात आलं की दुसरं सुटायचं. शेवटी जिलबीचा जादा पट्टा कमरेला आवळून बांधला आणि जेवायला गेलो. अंगाला कडुनिंबाच्या साबणाचा वास, कारण आंघोळही तिच्याच साबणानं केलेली. खांद्यावर पावलांची नक्षी असलेला टॉवेल.

बापूजींनी पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे नवीन निंघालं काय नाशकात?" एवढंच विचारलं.

जेवायला चिन्नोर तांदळाचा भात. ताट यायच्या आधी वास आला. सोबत लाखोळीची डाळ, तलावातल्या माशांचा लालजर्द रस्सा आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. आमच्याकडे भात म्हणजे जेवण संपत आल्याची खूण. इथं भातच जेवण. मला ते माहीत नव्हतं. मी भात थोडा घेतला आणि वाट पाहत बसलो. मग विचारलं, "पोळ्या येतायत ना?"

वैशालीचा हात हवेतच थांबला. बापूजींनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"भातात काई खोट आहे काय?"

मग मी इतका भात खाल्ला की उठताना पट्टा सैल करून पुन्हा बांधावा लागला. जिलबीनं ओसरीच्या खाली, दिलेल्या जागेवर बसून, वाटीत दिलेलं मुकाट्यानं खाल्लं. एक शीत बाहेर सांडलं नाही.

तलावाची पाळ

सकाळी जीन्स घालून जिलबीला फिरायला नेलं. बूटही तेच, डोंगर चढायचे, घोट्याच्या वर लेस बांधायचे. कारण चपला सोफ्यावरच्या बॅगेत होत्या.

तलाव बापूजींच्या खापरपणज्यांनी खोदलेला. भोवती मातीची उंच पाळ, पाळीवर मोहाची झाडं, पाण्यावर धुकं आणि धुक्यात कमळाच्या पानांवरून चालत जाणारे पक्षी. एक माणूस लहानशा डोंग्यात उभा राहून जाळं ओढत होता. त्यानं विचारलं, "पाहुने, कोनाकडं आले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हां, थ्या कुत्र्यावाल्या घरी!" म्हणजे गावात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि वैशालीच्या घराला आमच्या एका रात्रीत नवं नावही मिळालं होतं. बापूजींच्या कानावर हे गेलं तर काय, या विचारानं मी जिलबीला घेऊन घाईघाईनं पुढे निघालो.

पाळीखाली धानाच्या बांध्या आहेत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा वरंबा घातलेलं खाचर. त्या वरंब्याला इथं धुरा म्हणतात. कापणी होऊन गेली होती, पण तलावाचं पाणी पाझरून पाळीलगतच्या बांध्या अजून ओल्याच होत्या. सगळे जण धुऱ्यावरून एकामागोमाग एक चालत होते. आमच्याकडे द्राक्षाच्या बागांत मी कसाही फिरतो, त्या हिशेबानं मी म्हटलं, मधून गेलं की लवकर पोचू. खालची जमीन वरून कोरडी दिसत होती.

तिसऱ्या पावलाला गुडघाभर आत गेलो आणि पाचव्याला आडवा झालो.

जिलबी धुऱ्यावर उभी राहून पाहत होती. पलीकडून डोक्यावर तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे घेऊन चार बायका येत होत्या. त्यातली एक, सुमनबाई, बापूजींकडेच कामाला होती हे नंतर कळलं. ती थांबली.

"काय सापडलं भाऊ?"

"काही नाही," मी चिखलातून म्हणालो.

"मंग काहून शोधून राहिले?"

बायका इतक्या हसल्या की एकीचा भारा पडला. माझी जीन्स वैशालीनं दोनदा धुतली, अंगणात तारेवर टाकली, आणि तलावाकाठच्या त्या थंडीत ती निघायच्या दिवसापर्यंत वाळली नाही. मी पुन्हा धोतरात, पुन्हा पट्ट्यात.

दुपारी साकोलीला गेलो, एक लेंगा आणि साधी चप्पल घ्यायला. बाजारात फिरलो. जिलबीसाठी बिस्किटं घेतली. वैशालीच्या घरी म्हणून पेढे घेतले. एका चष्मेवाल्याचं दुकान दिसलं, तिथं धंद्यातल्या माणसाशी तासभर गप्पा मारल्या. तो माझ्या कमरेकडे अधूनमधून पाहत होता, पण सभ्य होता. परत येऊन गाडीतून पेढे काढले, बिस्किटं काढली, आणि वैशालीनं विचारलं, "लेंगा?"

मी कोठारात गेलो. चौकटीला डोकं लागलं. या वेळचा टवका मोठा होता.

त्या संध्याकाळी एक गोष्ट मात्र झाली. बापूजी ओसरीवर बसले होते आणि जिलबी हळूच जाऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली. त्यांनी पाय आवरून घेतले. ती हलली नाही. थोड्या वेळानं त्यांनी पाय पुन्हा सोडले. वैशालीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला खूण केली: बघा! मी खुशीत पाण्याचा तांब्या ओसरीवर सांडला.

रास

कोठाराची खोली झाल्यामुळे धान आता अंगणापलीकडच्या खळ्यात असतं. तिसऱ्या दिवशी मळणी यंत्र येऊन गेलं होतं आणि खळ्याच्या मधोमध धानाची रास उभी राहिली होती, डोक्याइतकी उंच, सकाळच्या उन्हात सोन्यासारखी. पोत्यांत भरण्याआधी तिची पूजा. बापूजी स्वतः करतात. वैशालीनं आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "काका, खळ्यात सगळे अनवाणी येतात. जिलबीला तुम्ही कडेलाच धरून ठेवा. बापूजींसाठी वर्षाचा हा मोठा दिवस आहे. आजचं नीट पार पडलं म्हणजे झालं."

आमच्याकडे द्राक्षाची पेटी गाडीत चढली की काम संपतं, कुणी तिच्यापुढे उदबत्ती लावत नाही. मला हे फार आवडलं. मी ठरवलं, आज काहीही झालं तरी आपल्या हातून चूक होणार नाही.

बूट काढायला बसलो. पण कालचा चिखल लेसमध्ये सुकून गाठीचा दगड झाला होता. नखं तुटली, गाठ सुटली नाही. मी म्हटलं, नाहीतरी कडेलाच उभं राहायचंय. चार पावलं मागे, खळ्याच्या बाहेर, बुटांसकट, धोतरात, पट्ट्यात उभा राहिलो. जिलबीचा पट्टा हातात.

बापूजींनी आंघोळ करून राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, हात जोडले. भोवती सुमनबाई आणि बाकीच्या बायका, सगळ्या गप्प. पाखरांचा तेवढा आवाज. ते दृश्य इतकं सुंदर होतं की मी फोटो काढायला मोबाईल काढला. मोबाईलला दोन हात लागतात. जिलबीचा पट्टा एका हातात होता.

ती निघाली. धावत नाही, आपली चालत, सरळ राशीकडे.

माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. जिलबी राशीवर चढलेली, बापूजींचा चेहरा, वैशालीची खोडलेली ओळ. मी "जिलबे!" म्हणून असा ओरडलो की पाखरं उडाली, आणि तिला अडवायला धावलो. साध्या जमिनीवर थांबलो असतो. पण खळं शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. बूट घसरले आणि मी वेगानं राशीतच शिरलो. गुडघ्यापर्यंत. मग पोटावर. पट्ट्याची कडी तुटली आणि बापूजींचं धोतर चर्र्‌ करून फाटलं.

तोंडातलं धान थुंकून मान वर केली. जिलबी राशीपासून हातभर अंतरावर, बापूजींच्या पायांशी बसली होती. एका दाण्यालाही तिचा पाय लागला नव्हता.

"अगाई वो," सुमनबाई म्हणाली. कुणी हसलं नाही. चिखलात पडलो तेव्हा सगळे हसले होते. आता कुणी नाही, आणि तेच जास्त लागलं. पहिल्यांदा मला माझं हसू आलं नाही. वैशाली नारळाची थाळी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता संपलं, एवढंच होतं.

बापूजींनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांचा सुकलेला चिखल फुटून ढेकळं धानात पसरली होती.

"निंघा भाईर," ते शांतपणे म्हणाले. "पाया पडा तिच्या. आन् मंग साफ करा."

मी राशीच्या पाया पडलो. मनापासून पडलो. सुमनबाईनं कोयत्यानं लेस कापून बूट काढले. दिवसभर अनवाणी उकिडवा बसून मी धानातली ढेकळं निवडली. सुमनबाईनं सूप हातात दिलं. मी पाखडलं तर ढेकळं सुपात राहायची आणि धान उडायचं. "उलटं शिकले काय भाऊ?" ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात धरून दाखवलं. पाचव्या-सहाव्या वेळी जमलं. दुपारी कुणी मला जेवायला बोलावेल असं वाटलं नव्हतं. पण बापूजींनीच सुमनबाईकरवी भाताचं ताट खळ्यात धाडलं. यावेळी मी पोळी विचारली नाही.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी ओलसर जीन्स चढवली, गुलाबी बॅग भरली. वैशाली ओसरीच्या खांबाला टेकून मोबाईल हातात घेऊन उभी होती. नागपूरवाल्यांचा पुन्हा निरोप आला होता: दोन लॅब्राडोर चालतील का?

मी बापूजींसमोर गेलो. रात्रभर जुळवलेलं भाषण होतं. "बापूजी, चूक सगळी माझी आहे. रास मी मोडली, धोतर मी फाडलं, चौकटीचा चुना मी पाडला. त्यासाठी या पोरीचं काम बंद करू नका. हवं तर मला पुन्हा पाय ठेवू देऊ नका, पण..."

"थांबा," बापूजी म्हणाले. जिलबीचं डोकं त्यांच्या पायावर होतं आणि ते बोलताना तिचा कान दोन बोटांत हळूहळू चोळत होते. "सूनबाई, तीन दिवसांत ह्या कुत्रीनं काय नुकसान केलं?"

"काहीच नाही," वैशाली म्हणाली.

"कोठारात घान केली?"

"नाही बापूजी."

"राशीले पाय लावला?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "जिलबीनं नाही."

बापूजींनी हात वर करून अंगणाचा एक कोपरा दाखवला, कोठारापासून लांबचा, तुळशीच्या पलीकडचा.

"थ्या नागपूरवाल्यायले सांग, या म्हना. कुत्रे झोपू दे कोठारात. फक्त थ्या कोपऱ्यात एक मजबूत खुंटा ठोकून ठेव. मालकायले बांधाले."